आबा बसून गातात

१

शहापुरात मला लोक सोयरिका जमवणारा म्हणून चिडवतात आणि मी ते मानाने मिरवतो. फरक एवढाच, की मी माणसांच्या नाही, यंत्रांच्या जोड्या जमवतो. मुरबाड रस्त्याला, माहुलीच्या पायथ्याशी ज्यांनी हौसेने बंगले बांधले आणि त्यात गाणं ऐकायला वेगळी खोली ठेवली, त्यांच्याकडून मला बोलावणं येतं. गाणं आता कॉम्प्युटरमध्ये आकड्यांच्या रूपात पडलेलं असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो तो डबा म्हणजे डॅक. त्या नाजूक आवाजात बळ भरून तो स्पीकरपर्यंत पोचवतो तो अ‍ॅम्प. दोन्ही महागातले असले म्हणून भागत नाही. उतावळ्या डॅकला गरम डोक्याचा अ‍ॅम्प दिला की दोघं मिळून कानाशी भांडतात. मवाळाला मवाळ दिला की दोघंही झोपा काढतात. कोणाला कोण मानवेल हे मला ऐकताक्षणी कळतं. ही बढाई नाही; माझा कान तसा आहेच.

जोडी जमली की काय होतं, तेही सांगून टाकतो. स्पीकर नाहीसे होतात. डोळे मिटले की समोरच्या भिंतीपाशी माणसं येऊन उभी राहतात आणि बोट दाखवून सांगता येतं की ढोलकी इथे, पेटी तिथे, गाणारा मधोमध. ज्याने हे कधी ऐकलं नाही त्याला ते थापेबाजी वाटतं. एकदा ऐकलं की तो माझं कायमचं गिऱ्हाईक होतो.

स्वतःच्या घरी मात्र मी बरीच वर्षं साधी जोडी ठेवली होती. ती बदलली ती आबांसाठी. माझे वडील, बारकू, भातसा धरणावर नोकरीला होते आणि नोकरी सांभाळून गायन पार्टीत गात. जयंतीच्या महिन्यात ते घरी असे नसतच. आज डोळखांब, उद्या किन्हवली, परवा मुरबाडकडचं एखादं गाव. गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. राहिलं ते खोकणं, हुंकारणं आणि काठी टेकत घरभर फिरणं. कल्याणच्या बाई, ज्या अशा पेशंटना पुन्हा बोलायला शिकवतात, त्या म्हणाल्या होत्या की त्यांना त्यांचाच आवाज ऐकवा; कधीकधी बोलण्याआधी गाणं परत येतं.

माझ्याकडे आबांची एक कॅसेट होती. मुरबाडकडच्या एका गावी विहारासमोरच्या मंडपात, चांगले दोन माइक लावून घेतलेली. ती मी मागेच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. आबांनी मला पुन्हा एकदा 'म्हेंद्रा' म्हणून हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. आख्ख्या गावात मला तसं फक्त तेच म्हणत. बाकी मला काही नको होतं, आणि माझ्या कामाच्या जोरावर मी ते मिळवीन याबद्दल मला शंका नव्हती.

२

आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे. मागची खोली मी माझ्या कामासाठी ठेवलेली. तिला एकच खिडकी, भिंतींना जाड पडदे, मधोमध आबांची लाकडी आरामखुर्ची आणि शेजारी माझी प्लॅस्टिकची. अ‍ॅम्प होता माझ्या मित्राचा, मुकेशचा. तो वाशिंदच्या कारखान्यात नोकरी करतो आणि घरी हाताने अ‍ॅम्प बांधतो. त्याचा अ‍ॅम्प इतका तापतो की पौर्णिमा, माझी बायको, पावसाळ्यात त्याच्याजवळ मोजे वाळत घालते. तो मी कधीच बंद करत नाही. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. अ‍ॅम्प तापलेला असला की आवाजाला मऊपणा येतो, आणि एकदा गार झाला की पुन्हा मुरायला दिवस दिवस घेतो.

जुन्या डॅकवर आबांचा आवाज यायचा तो पडद्यामागून आल्यासारखा. तरी पहिल्याच दुपारी आबांनी मान उचलली. पार्टीचं गाणं त्यांनी स्वतःच रचलेलं होतं. पोराला शाळेत धाडणाऱ्या आईचं ते गाणं. आबा म्हणायचे, 'धर पाटी, धर वाट,' आणि मागून कोरस ते उचलायचा. आबांनी काठी फरशीवर टेकून ठेका धरला. घशातून हुंकार काढला. सुरात होता तो. पौर्णिमा दारात उभी राहून रडली आणि मी तिला हसलो, कारण नाहीतर मीही रडलो असतो.

मग मला चैन पडेना. पडद्यामागून एवढं, तर पडदा काढल्यावर किती! एका गिऱ्हाइकाकडचा जड, काळा डॅक माझ्याकडे पडून होता. त्या घरी तो कोणत्याच अ‍ॅम्पशी जमला नव्हता, पार कोरडा वाजायचा. मुकेशच्या अ‍ॅम्पला लावला आणि खोलीत माणसं आली. खरंच आली. पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येत होता. ढोलकीवाल्याच्या अंगठीचा कडेला होणारा टिक्. आणि मधोमध आबा, भरल्या गळ्याचे, तिशीतले.

मी सगळं कडवं डोळे मिटून ऐकलं. ढोलकीच्या दोन थापांमध्ये एक वेगळा आवाज होता. टक्. लाकूड फरशीवर टेकल्याचा. ठेक्यात होता, म्हणून आधी खटकला नाही. मला वाटलं आबा काठीने ताल देतायत. डोळे उघडले तर आबांची काठी कोपऱ्यात भिंतीला उभी होती आणि त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. कॅसेटच्या फितीचे वेढे एकावर एक बसून राहतात आणि एका वेढ्याचा आवाज दुसऱ्यावर पुसट उमटतो. मंडपात कोणीतरी बांबू आपटला असणार. जुना डॅक तो दाखवत नव्हता, नवा दाखवतो. मी स्वतःवर खूश झालो.

मंडपाला खाली माती होती, फरशी नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला ठेवलं.

३

पुढचे काही दिवस मी रोज दुपारी आबांना बसवून ते गाणं लावलं. आवाज दिवसेंदिवस उमलत होता. नवी जोडी मुरायला वेळ घेते, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. शिवाय आणखी एक चांगली गोष्ट घडत होती. खोली शांत होत चालली होती.

ऐकणाऱ्या माणसाला शांततेची किंमत कळते. गाणं लावण्याआधी मी नेहमी नुसती खोली ऐकतो. पंखा बंद, खिडकी बंद, आणि काय उरतं ते बघायचं. आमच्या खोलीत आजवर बरंच काही उरायचं. आबांच्या छातीतली घरघर, खुर्चीची करकर, त्यांच्या नखांचं हातावर खाजवणं. मी कधी बोललो नाही, पण मला ते नडायचं. आता ते कमी झालं होतं. मी मनात म्हटलं, औषध लागू पडतंय, छाती मोकळी होतेय. मुकेशला फोन करून सांगितलंसुद्धा, की बाबा, आता माझ्या खोलीइतकी निवांत खोली ठाणे जिल्ह्यात नाही.

पौर्णिमा मुरबाड रस्त्यावरच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी पेपर तपासत ती ओट्याशेजारी बसते आणि पाठीमागून कोण येतं-जातं ते तिला न बघता कळतं. एका संध्याकाळी ती दचकली आणि तिच्या हातातलं पेन उडालं. आबा तिच्या मागे उभे होते, पाण्याचा तांब्या मागायला.

"आबांची चाहूल लागत नाय हल्ली," ती मला नंतर म्हणाली.

मी म्हटलं, पोरांच्या गोंगाटाने तुझे कान गेलेत, मास्तरीणबाई. ती हसली नाही. तिने सांगितलं की आबा सकाळी खोकतात तेव्हा त्यांचं अंग हलतं, डोळ्यांत पाणी येतं, पण खोकला ऐकू येत नाही. मी तिला सांगितलं की तो कफ सुटल्याचा गुण आहे. एवढ्या आत्मविश्वासाने सांगितलं की तिने पुढे विचारलं नाही. मलाही ते पटलं.

दुसऱ्या दुपारी गाण्यात खोकला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मध्ये, मधोमधच्या त्या आवाजाचा, ओला, छातीतून आलेला म्हाताऱ्या माणसाचा खोकला.

मी गाणं थांबवलं. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ उमटते, तिच्यात ती जागा बघितली. खोकल्याच्या जागी रेघ सपाट होती. तीच फाइल मी मुकेशकडे पाठवली आणि ऐकायला सांगितली. तो म्हणाला, ढोलकी आहे, पेटी आहे, खोकला-बिकला काही नाही. तू ग्राउंड तपास, अर्थिंगमध्ये खोट असेल. मी ग्राउंड तपासला. सगळ्या वायरी काढून पुसून पुन्हा लावल्या. खोकला होताच, आणि पहिल्यापेक्षा स्वच्छ होता.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने डॅक काढून खोक्यात घातला असता. मी तसं केलं नाही. मला वाटलं, मुकेशची जोडी कमी दाखवते, माझी जास्त. ऐकण्याचा नाद लागलेला माणूस हेच करतो. नको ते ऐकू आलं की तो कान झाकत नाही, आणखी चांगली वायर आणतो. मीही आणली.

४

बुधूकाका आले ते रविवारी सकाळी, मुरबाडहून एसटीने. पार्टीतले ते ढोलकीवाले. आबांपेक्षा थोडे मोठे, पण अंगाने काटक. मीच त्यांना बोलावलं होतं. जुना सोबती समोर बसला तर आबांची जीभ सुटेल, असा माझा हिशेब होता. खरं सांगायचं तर मला दादही हवी होती.

त्यांनी आबांचा गेलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आबांनी तोंड उघडलं, ओठ हलवले. काही आलं नाही. पूर्वी निदान हुंकार यायचा. मी घाईने गाणं लावलं.

बुधूकाका पहिल्या ओळीलाच ताठ झाले. चेहरा असा उजळला की मला माझ्या सगळ्या खटाटोपाचं चीज झाल्यासारखं वाटलं. ते हवेत बोट दाखवत एकेकाचं नाव घेऊ लागले. हा पेटीवर कोण, हा कोरसला डावीकडे कोण, हा किती बेसूर होता. मग बोट मधोमध आलं आणि थांबलं. बोट हळूहळू खाली आलं. उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

"आमी कवा बसून गायलो नाय," बुधूकाका म्हणाले. "पार्टी उभी ऱ्हायची. बारकू तर टाचा उचलून गायचा. ह्यो बसून का गातोय?"

आवाज खाली आल्याचं मला ठाऊक होतं. आठवडाभर मी ते ऐकत होतो. स्पीकरच्या उंचीचा दोष म्हणून मी त्यांच्याखाली लाकडी ठोकळेही सरकवले होते. ते मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जसं आपण डॉक्टरचं ऐकतो. मग गाण्यात तो खोकला आला. काकांनी माझ्याकडे बघितलं.

त्यांना दम्याचा खोकला माहीत होता, तो आबांना म्हातारपणी लागला होता. तिशीतल्या बारकूला सर्दीसुद्धा होत नसे, असं ते म्हणाले. एवढं बोलून ते उठले, आबांच्या मागे गेले आणि त्यांच्या पाठीवर पंजा टेकवला. गाताना पूर्वी तसाच टेकवत असतील. ढोलकीवाल्याला ताल कानाआधी तळव्यात कळतो. ते तसेच उभे राहिले. एक ओळ गेली, दुसरी गेली.

"पोरा, हात लाव हितं," ते म्हणाले.

मी लावला. आबांचं तोंड मिटलेलं होतं. मान पुढे, डोळे समोर. आणि सदऱ्याच्या आत पाठ थरथरत होती. 'धर पाटी' ला जोरात, 'धर वाट' ला लांबवून, कोरसच्या जागी थांबून श्वास घेत. गाणाऱ्या माणसाची पाठ जशी थरथरते, अगदी तशी. श्वास पाठीत भरला तेव्हा तो मला समोरून, भिंतीपाशी ऐकू आला.

मी हात काढला आणि म्हटलं, स्पीकरचा खर्ज आहे काका, लाकडी खुर्चीतून अंगात उतरतो. हे शास्त्राला धरून आहे. खर्ज खरंच असा उतरतो. बुधूकाकांनी मान हलवली. त्यांना जेवायचं होतं, पौर्णिमाने मटण शिजवलं होतं, पण त्यांना दुपारची एसटी आठवली. जाताना ते आबांच्या पाया पडले. वयाने मोठे असून.

मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

५

भीती वाटली की मी तपासतो. माझा स्वभावच तो आहे. पौर्णिमा शाळेला गेल्यावर मी आबांना स्वयंपाकघरात बसवलं आणि काठी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आबा, आपटा. त्यांनी आपटली. काठी फरशीला लागली, हाताला झटका बसलेला मी बघितला. आवाज आला नाही. मी काठी घेऊन आपटली. खणखणीत टक्. पुन्हा त्यांच्या हातात दिली. पुन्हा काही नाही. बाहेर भाजीवाला ओरडत होता, कुकरची शिटी झाली, महामार्गावरून ट्रकचा हॉर्न आला. माझे कान ठीक होते.

आबांच्या मांडीवर पेजेची स्टीलची वाटी होती. ती घसरली. फरशीवर पडून गोल गोल फिरली, फिरत फिरत निजली, मूक सिनेमातल्यासारखी. आणि मागच्या खोलीत, जिथे कोणी नव्हतं, जिथे गाणं लावलेलं नव्हतं आणि फक्त अ‍ॅम्प तापत होता, तिथे स्टीलची वाटी पडली आणि फिरत फिरत निजली.

आबांनी त्या खोलीकडे मान वळवली. मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. त्यांना आधीच ठाऊक होतं.

मी धावत जाऊन काळा डॅक उपटला आणि जुना लावला. बस झालं म्हटलं, पडद्यामागचा तर पडद्यामागचा. आबांना आणून खुर्चीत बसवलं, गाणं लावलं. पेटी आली. ढोलकी आली. मग जिथे 'धर पाटी' यायचं तिथे कोणी नव्हतं. ढोलकी एका रिकाम्या जागेभोवती वाजत राहिली. ओळभर थांबून कोरस आला, पुढे कोणी गायलेलं नसतानाही मागून ओळ उचलणारा.

आणि खुर्चीत आबा तोंड वासून, डावा हात गळ्याला लावून, डोळे फाडून बसले होते. झटका आला त्या दिवशीही मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ते ओरडत होते. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. माझे वडील माझ्यापासून हातभर अंतरावर जीव खाऊन ओरडत होते आणि खोलीत नुसती ढोलकी वाजत होती. तो ओरडा इथे नव्हता, तिथेही नव्हता. कुठेच नव्हता.

काळा डॅक परत लावायच्या घाईत वायर जागेवर बसेना. ती बसली आणि मधोमध पहिल्यांदा आला तो मोठा, ओला, सुटलेला श्वास. खुर्चीतले आबा मागे टेकले. त्यांनी डोळे मिटले. चेहरा निवला. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसून राहिलो आणि लहान पोरासारखा रडलो.

त्यानंतर काढण्याचा विचार मी सोडून दिला. बॅटऱ्या आणून अ‍ॅम्प आणि डॅकला इन्व्हर्टर जोडला, म्हणजे वीज गेली तरी ते चालू राहावेत. पौर्णिमाला मी सगळं सांगितलं. वाटी, काठी, सगळं. तिने शांतपणे ऐकलं. ती मागच्या खोलीत गेली, दोन स्पीकरांच्या समोर उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, आबा, जेवायला काय करू? काही आलं नाही. ती बाहेर येऊन कणीक मळायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली की माणूस जिवंत आहे, जेवतो आहे, आपल्यात आहे, तेवढं पुरे. पण तुमी त्या खुर्चीत त्यांच्या शेजारी बसत जाऊ नका. मी हो म्हटलं.

६

हो म्हटलं, पण पाळणं जमलं नाही. मला हाक हवी होती. इतकं सगळं झाल्यावरही हवी होती. उलट जास्तच हवी होती, कारण आता मला माहीत होतं की आबांचा आवाज कुठेतरी शाबूत आहे, निरोगी आहे, आणि तो ऐकायचं साधन माझ्या हातांनी बनलेलं आहे. असं साधन दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. हा अभिमान मला तेव्हाही होता.

परवाची गोष्ट. शनिवार, पौर्णिमाची सकाळची शाळा. ती घरी येऊन मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ऊन खिडकीतून थेट आबांच्या पायांवर आलं होतं. मी गाणं लावलं नाही. खोली ऐकायला म्हणून शेजारच्या खुर्चीत बसलो. पंखा बंद केला.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आबांचं काहीच नव्हतं, ना श्वास, ना कापडाची सळसळ. मग समोर, भिंतीपाशी, मला मंडप ऐकू यायला लागला. मोठी मोकळी जागा जशी नुसती ऐकू येते तशी. पताका फडफडत होत्या. लांब कुठेतरी बाई पोराला दटावत होती. पेटीवाला भाता सोडत होता. गाणं सुरू होण्याआधीची वेळ होती ती, कॅसेटवर कधीच नसलेली. आणि मधोमध कोणीतरी बसल्या जागी सरकून नीट बसलं. आपल्या शेजारी जागा करून देताना सरकतात तसं.

"म्हेंद्रा," आबा म्हणाले.

मी खुर्चीकडे बघितलं. आबा माझ्याकडेच बघत होते. ओठ नुकते मिटले होते. डोळ्यांत हसू होतं, ते जुनं, मला मंडपात पुढे बोलावताना असायचं ते. आवाज हातभर अंतरावरून यायला हवा होता. तो आला भिंतीकडून, पण आला. म्हातारा नाही, आजारी नाही, पूर्ण, स्वच्छ, माझं नाव घेणारा. मला एवढा आनंद झाला की दुसरं काही सुचलं नाही. वडिलांनी हाक मारली की पोरगा जे करतो तेच मी केलं. ओ दिली.

"ओ, आबा."

माझं ऐकणं कधी चुकत नाही, आणि तेव्हाही चुकलं नाही. ती ओ भिंतीपाशी उमटली. मधोमध नाही, थोडी उजवीकडे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. आबांना खेटून. इतकी नितळ की मागे जिभेचं टाळूवरून सुटणंही ऐकू आलं. माझ्या घशात मात्र फक्त हवा हलली.

बाहेर बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. पौर्णिमा धावत आली. तिचे हात ओले होते आणि चेहरा फुलला होता.

"आबा बोलले! तुमचं नाव घेतलं, मी आयकलं," ती म्हणाली. "तुमी पण आयकलं ना?"

मी तिच्याकडे बघून म्हटलं, हो, ऐकलं. ती माझ्यासमोर उभी होती. तरी तिने मान वळवली ती दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरला. ती पुढे आली आणि न बघताच तिने तिचा ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला. घट्ट धरला.

"अवो," ती त्या भिंतीला म्हणाली, "तुमी कुठं हाय?"